निवडून दिलेलं बी

बियाण्याच्या दुकानात पाऊल टाकलं की माणसाची अक्कल बाहेर चपलांपाशी राहते, असं माझं ठाम मत होतं. आजऱ्याच्या बाजारात अशी चार-पाच दुकानं आहेत. भिंतीवर हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र, त्याच्या हातात लोंब्यांचा भारा, आणि अंगातले कपडे असे परीटघडीचे की त्यानं जन्मात चिखल बघितला नसावा. ते चित्र बघून आमचे मालक हरखून जायचे. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे असंच म्हणतात. घरात मालकी कुणाची चालते ते मात्र विचारू नये.

दुकानदारानं "या पावणं, बसा की" म्हटलं, चहा मागवला, की मालक गार. जाताना मिठाची पिशवी आणायला गेलेला माणूस येताना पिकावर फवारायच्या टॉनिकची बाटली घेऊन यायचा. एकदा भेंडीचं बी आणलं, ती भेंडी चावायला दोरखंडासारखी. एकदा वालाचं आणलं, त्याला पानंच पानं, शेंग म्हणून दिसायला तयार नाही. त्या सगळ्या बाटल्या मी माळ्यावर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. कुणी पाहुणं आलं की दाखवायची. म्हणायची, "ह्ये बघा आमच्या मालकांचं शहाणपण, बूच लावून ठेवलंय." पाहुणे हसायचे. मालकही हसायचे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि शेतकी खात्याच्या साहेब लोकांचं तर बोलूच नका. वर्षातून एकदा गावात मेळावा भरतो. मंडप, माईक, शाल-नारळ. एक साहेब उठून अन्नसुरक्षा अन्नसुरक्षा म्हणून तासभर बोलतो. ज्याला रात्रीच्या भाताची काळजी नाही तोच असला शब्द तोंड भरून म्हणू शकतो. आमच्या आईनं हा शब्द कधी ऐकला नव्हता. ती फक्त कणगीत हात घालून बघायची, हात किती खोल जातो त्यावरून किती महिने राहिले ते तिला कळायचं. यातला एक साहेब आमच्या शेतावरही यायचा. पांढरे बूट घालून. बांधावर उभा राहून तिथूनच सगळं सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेतात पाटी रोवली, पाटीजवळ मालकांना उभं केलं, फोटो काढला आणि गेला. पाटी मी नंतर उपटून कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. चांगल्या पत्र्याची होती.

आमची जमीन म्हणजे डोंगराच्या अंगाला एकाखाली एक अशा भाताच्या खाचरांची ओळ. वर थोडी नाचणी. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही घनसाळ, हा आमच्याकडचा वासाचा भात, लावत आलो. शिजायला लागलं की तिसऱ्या घराला वास जातो. शहरातले लोक त्यासाठी बाजारात नाकं फुलवून हिंडतात. पण वासानं पोट भरत नाही, हे मी सांगते, कारण मी ते खाऊन वाढलेय. पिकतं कमी, उंच वाढून वाऱ्यानं आडवं होतं, आणि आमच्या घरात होळी झाली की कणगीचा तळ दिसायचा. त्यापुढे रेशनचा तांदूळ नाहीतर नाचणीची भाकरी. हे कोण लिहीत नाही. वासाचं मात्र सगळे लिहितात.

अशात एका वर्षी मालकांनी संकरित भाताचं बी आणलं. छोटी पिशवी, किंमत मोठी. मी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, "एवढ्या पैशात गूळ, तेल, डाळ आली असती. आता काय पिशवी उकळून खाणार?" मालक म्हणाले, "बघूया तरी. दोनच खाचरं." त्यांनी दोन खाचरांत ते लावलं. मी रोज जाऊन बघायची, कधी एकदा फसतंय आणि कधी एकदा बोलायला मिळतंय म्हणून. पण ते फसलंच नाही. एकसारखं, कमरेइतकं, जणू कुणी वरून दोरी धरून कापलंय. लोंब्या अशा भरल्या की वाकून पाण्याला टेकल्या. त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या घरचा तांदूळ पावसाळ्यापर्यंत पुरला. चव म्हणाल तर ओल्या कागदाची. पण ताट भरलेलं होतं.

मी मालकांना एकदाही शाबास म्हटलं नाही. मनात मात्र एक ठरवलं. कापणीच्या आधी दोन दिवस सकाळी लवकर शेतात गेले आणि त्या दोन खाचरांतल्या लोंब्या हातानं निवडल्या. हे काम आईनं मला शिकवलं. विळा लावायचा नाही. खाचराच्या मधोमध जायचं, बांधाकडचं घ्यायचं नाही, कारण बांधाकडचं दिसायला ठोसर असतं पण फसवतं. सगळ्यात भरलेली, सगळ्यात जड लोंबी बोटांनी खुडायची. सावलीत वाळवायची, राख लावायची, निंबाचा पाला घालायचा आणि मडक्याचं तोंड शेणामातीनं बंद करायचं. आमच्या भागात ज्या बाईला बी राखता येतं तिला गावात मान असतो. मला तो होता. मी तो जरा मिरवतही होते, खोटं कशाला बोलू.

पुढच्या चैत्रात मालकांबरोबर मी बाजाराला गेले होते. दुकानदारानं आम्हाला बघून हाक मारली. "वैनी, यंदाची पिशवी बाजूला काढून ठेवू काय?" मी म्हटलं, "कशाला? घरात मडकंभर बी ठेवलंय मी, निवडून." तो जरा बिचकला. म्हणाला, "तसं न्हाय चालत वैनी. ह्ये बी राखायचं नसतंय. दरवर्षी नवीन घ्याया लागतंय." दुकानात सात-आठ गिऱ्हाईकं उभी होती. मी मोठ्यानं म्हटलं, "कोंबड्या विकणारा कधी म्हणील काय, घरची अंडी उबवा म्हणून?" सगळं दुकान हसलं. दुकानदार कानापर्यंत लाल झाला. वाटेत मालक म्हणाले, "अगं, ते खरं सांगतंय. पिशवीवर बी लिवलंय की." मी हसले. "पिशवीवर त्या चिकण्या शेतकऱ्याचं चित्र बी हाय," म्हटलं, "तोबी खरा काय?" मालक पुढं चालू लागले.

पण पुढच्याच बाजाराला ते गपगुमान नवीन पिशवी घेऊन आले. त्यावरून दोन दिवस आमच्या घरात चुलीशिवाय भडका होता. शेवटी मी म्हटलं, आणलीयच तर लावा आपल्यात, पैसे गेलेत ते गेले. माझं निवडलेलं बी वाया जाणार नव्हतंच. ते माझ्या नणंदेला जायचं होतं.

ही नणंद मालकांच्या पाठची. नेसरीकडे दिली. नवरा लवकर गेला, घरात ती आणि आंधळी सासू. शेत थोडंसं, त्यातल्या त्यात बरी म्हणावी अशी दोन खाचरं. त्या दोन खाचरांतल्या भातावर त्या दोघींचं वर्ष. बाकी ती दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते, पण मजुरीतून तेल-मीठ निघतं, भात निघत नाही. आमच्या घराची एक रीत आहे. लेकीच्या पहिल्या पेरणीचं बी माहेरानं द्यायचं. पहिल्याच पेरणीचं, बरं का. पण हिचा नवरा गेल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, दरवर्षी देऊया. त्या गेल्या, पण रीत मी चालू ठेवली. दर वैशाखात ती यायची, शेंगांची पिशवी घेऊन, आणि जाताना बी घेऊन जायची. तिच्या गावात सगळे म्हणायचे, हिचं माहेर जागतं हाय. ते ऐकून मला बरं वाटायचं.

त्या वर्षी ती आली तेव्हा मी घनसाळ काढलंच नाही. मडक्याचं तोंड फोडलं. दाणा पिवळाधमक, मुठीत घेतला की जड लागायचा. मी तिच्या ओंजळीत टाकला. म्हटलं, "ह्ये पेर यंदा. तुझी कणगी वरपर्यंत भरली न्हाय तर मला नाव ठेव." ती दाणा दातात धरून बघत म्हणाली, "वैनी, घनसाळ बी थोडं द्या की. म्हातारीला वास लागतोय." मी म्हटलं, "म्हातारीला वास पायजे का भात पायजे?" ती हसली आणि ते एकटंच घेऊन गेली. मालक सोप्यावर बसून होते. त्यांच्या तोंडाकडे मी बघितलंही नाही.

पावसाळा चांगला गेला. आमचं भात परत तसंच, दोरी धरल्यासारखं. गौरी-गणपतीच्या सुमाराला नणंदेचा फोन आला. "वैनी, भात काय एकसारखं वर येत न्हाय. काही बुटकं ऱ्हायलंय, काही गळ्याइतकं झालंय." मी म्हटलं, "तण माजलं असंल. भांगलण केलीस काय वेळेत?" ती म्हणाली, केली. मग तिनं मोबाईलवर फोटो पाठवला. फोटोत काय कळतं? मी म्हटलं, पाणी नीट धरलं नसशील. परत फोन आला, मी परत काहीतरी सांगितलं. प्रत्येक वेळी दोष तिचा निघत होता आणि मला त्यात काही आश्चर्य वाटत नव्हतं. बाईमाणूस एकटं, कुठं लक्ष पुरणार, असं मी शेजारणीला सांगितलं. दया आल्यासारखं तोंड करून.

दसऱ्यानंतर मी स्वतः गेले. खाचराच्या बांधावर उभी राहिले आणि बघत बसले. असलं शेत मी जन्मात बघितलं नव्हतं. एका लोंबीतलं भात पिकून गळायला लागलेलं, तिच्या शेजारची लोंबी अजून फुलोऱ्यात. काही ताटं छातीपर्यंत वाढून आडवी झालेली, काही गुडघ्याखाली. कुठं दाणा लांबट, कुठं आखूड. आणि मधूनमधून अशा लोंब्या की दिसायला ताठ, चिमटीत धरल्या तर आत काहीच नाही, नुसता कोंडा. कापायला कधी लागायचं? पिकलेलं कापावं तर हिरवं वाया, हिरव्यासाठी थांबावं तर पिकलेलं पाखरं नेतात. ती उभीच होती माझ्याकडे बघत. मी काय सांगते ते ऐकायला.

शेजारच्या खाचरात चार बायका कापणी करत होत्या. त्यांच्यासमोर मी तिला म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. असं भात मी तुला दिलं नव्हतं. काय केलंस तू ह्याचं?" त्या बायका विळे थांबवून ऐकत होत्या. ती मान खाली घालून म्हणाली, "चुकलं असंल वैनी कायतरी." आजही ते वाक्य आठवलं की माझी मान खाली जाते. एरवी जिथं पाच पोती व्हायची तिथं तिला दीड झालं, तेही अर्धं पोचट.

आमची कापणी चालू असताना तो पांढऱ्या बुटांचा साहेब आला. फोटो काढायला, आणखी कशाला. मी त्याला टोमणा मारावा म्हणून म्हटलं, "तुमच्या असल्या बियाण्यानं माझ्या नणंदेचं शेत बघा कसं पागल झालंय." त्यानं विचारलं, "बी पिशवीतलं होतं का राखलेलं?" मी म्हटलं, "राखलेलं. माझ्या हातानं निवडलेलं." तो बांधावरच उकिडवा बसला. बूट चिखलात गेले, त्याच्या ध्यानातही आलं नाही. म्हणाला, "मावशी, हे दोन वेगळ्या जातींच्या लग्नाचं बी असतं. पहिली पिढी सगळी एकसारखी येते, जोमदार येते. पण तिचं बी पेरलं की नातवंडं येतात. कोण आज्यावर जातं, कोण आजीवर, काही वांझ निघतात. तुम्ही कितीही चांगली लोंबी निवडा, तिच्या पोटात काय दडलंय ते बाहेरून दिसत नाही."

मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग येतो तसा. ज्याला मी वर्षानुवर्षं हसले, ज्याची पाटी कोंबड्यांना घातली, त्यानं दोन मिनिटांत मला सांगावं की तू तुझ्या नणंदेच्या ताटातला भात तुझ्या हातानं काढून घेतलास? बरं, ते ज्ञान काही गुप्त नव्हतं. दुकानदारानं सांगितलं होतं. पिशवीवर छापलं होतं. मला अक्षरं वाचता येतात. दहा वेळा खोटं बोलणारा अकराव्या वेळी खरं बोलू शकतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. आणि माझ्या डोक्याचा मला केवढा गर्व!

मळणी झाल्यावर मी मालकांना विचारलं, "तुम्हाला म्हायती होतं?"

"व्हतं की."

"मग बोलला का न्हाई?"

ते भाताच्या पिंजराची पेंढी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "बोललोवतो. तू हसलीस."

दोन पोती तांदूळ टेंपोत टाकून मी नेसरीला गेले. एकटी. मालकांना म्हटलं, तुम्ही नका येऊ, हे माझं आहे. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होते आणि प्रत्येक वेळी ते वाक्य तोंडात फिरून दुसऱ्याच कुणाला तरी दोष देत होतं. गेले तेव्हा ती चुलीपुढं होती. रेशनचा तांदूळ निवडत होती. म्हातारी सासू भिंतीला टेकून बसली होती. मी आल्याचं कळल्यावर म्हातारी म्हणाली, "सुनंची वैनी व्हय? बाई, भाताला आता वास न्हाय ऱ्हायला." त्यात तक्रार नव्हती. नुसती सांगत होती.

मी पोती आत आणली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. म्हटलं, तुझी काही चूक नाही. भांगलण नाही, पाणी नाही, काही नाही. बी वाईट होतं आणि ते मी दिलं. बायकांसमोर तुला बोलले तेही वाईट केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी अशी सरळ चूक कबूल करत होते, आणि माझे हात पदराशी चाळा करत होते.

ती तांदळातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "म्हायती हाय वैनी."

"कुणी सांगितलं?"

"दादानं."

"कधी?"

"पेरणीच्या आधी. एसटीनं आलावता. म्हणाला, वैनीनं दिलेलं बी पेरू नको, ह्ये फुटतंय, एकसारखं येत न्हाय. घनसाळ आणलंवतं त्यानं पिशवीत, चोरून. म्हणाला, ह्येच पेर, आणि वैनीला सांगू नको."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय," ती म्हणाली. "मी हसले त्याला. म्हटलं, दादा, तुला कुणीबी टोपी घालतंय. वैनी सांगत्यात ते खोटं न्हाय. ती टॉनिकच्या बाटल्यांची गोष्ट बी काढली मी. लई हसलो आम्ही, सासूबाई बी हसल्या. तो चहा प्याला, आणि पिशवी परत घिऊन गेला बिचारा."

मी खाली बसले. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग कुणावर काढायचा ते कळेना. मला सतत वाटायचं की या घरात शहाणी मी एकटी, बाकी सगळे खुळे. आणि त्या खुळ्या माणसानं माझ्या नकळत एसटीचं तिकीट काढून बहिणीचं वर्ष वाचवायचा प्रयत्न केला होता. ते जमलं नाही कारण मी इतकी वर्षं सगळ्यांना त्याच्यावर हसायला शिकवलं होतं. तिलाही. म्हातारीलाही. माझ्या बोलण्यातलं मीठ त्यांच्या ताटात उतरलं होतं आणि भात उडून गेला होता.

तिनं माझ्यापुढं चहा ठेवला. पोत्याकडे बघून म्हणाली, "वैनी, एवढा तांदूळ कशाला आणला? पुढच्या सुगीपर्यंत निघंल कसंतरी." मग परत तांदळात हात घालत, "पुढच्या वर्षी बी कुठलं पेरू?"

मी म्हटलं, "मला नको विचारू. दादाला विचार."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि खळखळून हसली. तिला वाटलं, मी नेहमीसारखी त्याची थट्टाच करतेय.